कमी बजेटमध्ये पोर्ट्रेट लेन्स कशी निवडायची? आधी खोली मोजा

पोर्ट्रेटसाठी कुठली लेन्स घेऊ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, फोटो कुठे काढणार, घरात की बाहेर? बजेटचं नंतर बघू. कारण मी स्वतः पहिली पोर्ट्रेट लेन्स घेतली ती ८५ एमएम (हा फोकल लेंथचा आकडा, तो जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं आणि फ्रेममध्ये कमी मावतं), सगळे म्हणायचे पोर्ट्रेट म्हणजे ८५च, पैसे साठवून घेतली, घरी आणली, आईला खिडकीपाशी बसवलं आणि पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये नुसता चेहरा आणि खांदे, मांडीवरचे हात काही केल्या येईनात. आणि मला तर तिचे हातच हवे होते. लेन्स उत्तम होती, पण त्या खोलीत तिचा उपयोग नव्हता.

१. आहे ती किट लेन्स आधी वापरून बघा

किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली, १८-५५ असेल ना, ती ३५ वर फिरवा, रिंगवर चिकटपट्टी लावा आणि दोन-तीन दिवस फक्त त्याच आकड्यावर माणसांचे फोटो काढा. मग ५० वर तेच. जिथे सारखं मागे-पुढे सरकावं लागत नाही तो तुमचा आकडा. जुने फोटो असतील तर कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंथ लिहिलेली असते, स्वतःला आवडलेले वीसेक फोटो उघडून बघा, लगेच कळतं. याला एक पैसा लागत नाही आणि तरी बहुतेक जण हे करत नाहीत.

२. अंतराचं गणित

चेहरा लेन्समुळे बिघडत नाही, अंतरामुळे बिघडतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के मोठं दिसणार. तोच फोटो २ मीटरवरून काढा, फरक राहतो जेमतेम ६ टक्के. म्हणून दीड-दोन मीटर लांब उभं राहायचं आणि तिथून फ्रेम नीट भरेल अशी लेन्स घ्यायची.

आता टेप घ्या आणि खोली मोजा. क्रॉप सेन्सरचा (फोटो टिपणारा सेन्सर ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असलेला) कॅमेरा उभा धरला आणि डोक्यापासून कमरेपर्यंत, साधारण ९० सेंटीमीटर, फ्रेममध्ये घ्यायचं असेल तर ३५ एमएमला सुमारे १.४ मीटर, ५० ला २ मीटर आणि ८५ ला जवळजवळ साडेतीन मीटर अंतर लागतं. पूर्ण उभा माणूस हवा असेल तर ५० ला सव्वाचार आणि ८५ ला सात मीटरच्या वर! यात तुमच्या मागची जागा आणि माणसाच्या मागे भिंतीपर्यंत सोडायची जागा धरलेलीच नाही. बाहेर मोकळ्यावर काढणार असाल तर ८५ खुशाल घ्या, फार सुंदर लेन्स आहे ती.

क्रॉप सेन्सरवर आकडे कसे बदलतात ते थोडक्यात. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीवर आकड्याला १.५ ने गुणायचं, कॅननला १.६ ने. म्हणजे ५० ची लेन्स तिथे ७५ किंवा ८० सारखी दिसते, म्हणजे पोर्ट्रेटच्या अगदी जवळ. फुल फ्रेमवर (सेन्सर फिल्मच्या फ्रेमएवढाच) मात्र ५० ही ५०च, तिथे चेहऱ्यासाठी ८५ लागते. मायक्रो फोर थर्ड्सला (सेन्सर आणखी लहान) दुप्पट करायचं, म्हणून तिथे ४५ एमएम एफ १.८ घ्यायची. एफचा आकडा लेन्सच्या आतलं भोक, म्हणजे ॲपर्चर, किती उघडतं ते सांगतो, आकडा लहान तितकं भोक मोठं.

३. एफ १.८ पुरे, १.४ च्या मागे लागू नका

किट लेन्स ५५ वर एफ ५.६ ला असते, म्हणजे आतलं भोक जेमतेम १० एमएम. ५० एफ १.८ चं भोक २८ एमएम. उजेड साडेनऊ पटीच्या आसपास जास्त येतो आणि मागचं दृश्य छान विरघळतं, हा फरक खरंच पैसे देण्यासारखा आहे. १.८ वरून १.४ ला गेलात तर पूर्ण एक स्टॉपसुद्धा (म्हणजे दुप्पट उजेड) मिळत नाही, आणि किंमत मात्र बऱ्याचदा दुपटीच्या पुढे जाते.

शिवाय १.८ सुद्धा नेहमी वापरता येत नाही. क्रॉप बॉडीवर ५० एमएमने १ मीटरवरून १.८ ला काढलं तर शार्प पट्टा फक्त ३ सेंटीमीटरच्या आसपास असतो. डोळा शार्प आणि नाक मऊ! माझा आईचा तो फोटो शेवटी ५० नेच झाला, पण डोळे आणि हात दोन्ही हवे होते म्हणून एफ ५.६ ला जावं लागलं, तिला हात पोटाशी घ्यायला सांगितले आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ सरकवली.

४. नवीन लेन्स न घेता

तुमच्याकडे ५५-२५० किंवा तशी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) पडून असेल तर बाहेर जाऊन २५० वर, एफ ५.६ ला पोर्ट्रेट काढा. भोक निघतं ४५ एमएमच्या आसपास, म्हणजे ८५ एफ १.८ एवढंच, त्यामुळे माणूस फ्रेममध्ये तेवढाच आणि बॅकग्राउंड खूप लांब असेल तर ब्लरही जवळपास तेवढाच येतो. उजेड मात्र भरपूर हवा आणि शटर स्पीड वर ठेवा.

मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर जुन्या मॅन्युअल लेन्सही ॲडॉप्टरवर बसतात, सोव्हिएत काळातली हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ २, त्यासाठी प्रसिद्ध आहे, मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. फोकस हाताने करायचा, म्हणून पळणाऱ्या पोरांसाठी ती नको, शांत बसणाऱ्या माणसासाठी घ्या.

५. माउंट आणि मोटर तपासा

इथे पैसे बुडतात म्हणून नीट वाचा. माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते ती जागा, ती तुमच्या बॉडीचीच हवी. निकॉनची ५० एमएम १.८ डी स्वस्त मिळते पण तिच्यात फोकसची मोटर नाही, डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीवर ऑटोफोकस चालणारच नाही, तिथे १.८ जी घ्यायची. कॅननमध्ये सेकंडहँड बघत असाल तर ५० एमएम १.८ मध्ये १९९० च्या मार्क टूपेक्षा २०१५ ची एसटीएम शोधा, ती ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते, जुनी ४५ पर्यंतच, आणि ॲपर्चरच्या पात्या पाचाऐवजी सात आहेत त्यामुळे मागचे दिवे जास्त गोल दिसतात.

६. सेकंडहँड घेताना

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर फंगस, सगळीकडे धुरकट दिसलं तर हेझ, दोन्हीला नाही म्हणा, कितीही स्वस्त असली तरी. पात्यांवर तेल नको. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फारसा त्रास देत नाही, मागच्या काचेवरचा देतो. आणि स्वतःच्या बॉडीवर लावून दहा-बारा फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. पहिल्याच दिवशीची चाचणी

टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवा, मधल्या एका आकड्यावर फोकस करा, एफ १.८ ला पाच फोटो काढा, दर वेळी फोकस आधी बिघडवून पुन्हा करायचा. मग झूम करून बघा. डीएसएलआरवर (आत आरसा असलेला कॅमेरा) शार्प आकडा दर वेळी पुढचा किंवा दर वेळी मागचाच येत असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, तेच पुन्हा करा. तिथे बरोबर आला तर लेन्स आणि बॉडीचं फोकसचं जुळत नाहीये, बॉडीत फोकस ॲडजस्टमेंटची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत लेन्स बदलून घ्या.