ईव्हीची खरी रेंज आपली आपण कशी काढायची, इंदूरच्या रस्त्यांवर

महागडी ईव्ही घेतली की जो तो विचारतो एका चार्जमधे किती जाते, आणि आपण कंपनीचा आकडा सांगून मोकळे होतो. मर्सिडीजची ईक्यूएस 580 भारतात 2022 मधे आली तेव्हा एआरएआयची (आपल्याकडे गाड्यांची टेस्ट करणारी संस्था) रेंज होती 857 किमी, आणि युरोपच्या डब्ल्यूएलटीपी टेस्टमधे तिचीच 676 पर्यंत. बॅटरी तीच, 107.8 केडब्ल्यूएच. आपल्याकडची टेस्ट लॅबमधे रोलरवर होते, स्पीड 90 च्या वर जातच नाही, आता बायपासवर असं कोण चालवतं सांगा.

म्हणून आधी युनिट मोजायला शिका. एक केडब्ल्यूएच म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. स्क्रीनवर 100 किमीला 20 दिसलं तर एका युनिटमधे 5 किमी, बस्स एवढंच गणित.

टेस्ट अशी करा. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, ट्रिप मीटर झिरो करा, एसी रोज ठेवता तसाच ठेवा, आणि देवासपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत या. परत येणं फार महत्त्वाचं, वारा आणि चढउतार दोन्हीचा हिशोब त्यातच निघतो. एकदा 80 ने, दुसऱ्या दिवशी 100 ने, आणि दर वेळी 100 किमीला किती युनिट गेले ते लिहून ठेवा. हवेचा रोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 110 वर गेलात तर तो जवळपास दुप्पट होतो. गावातलं वेगळं लिहा, तिथे स्पीड कमी पण एसी तासाच्या हिशोबाने खातो, राजवाड्याच्या गर्दीत तासभर अडकलात तर दीड-दोन युनिट उभ्या उभ्याच गेले समजा.

आता घाट. मागच्या मे महिन्यात आम्ही बॅटरी 52 टक्क्यांवर असताना महेश्वरला निघालो, स्क्रीन 270 किमी दाखवत होती, जाऊन येऊन 190, म्हटलं आरामात होईल. पण ते 270 आधीच्या आठवड्यातल्या गावातल्या चालवण्यावरून काढलेलं होतं आणि आम्ही 110 ने गेलो. येताना घाटाच्या पायथ्याला गुजरीला 14 टक्के होते, घाट चढून मानपूरला आलो तर 7. काकू मागे पदराने वारा घेत होत्या कारण एसी बंद केलेला, आणि कोणी बोलत नव्हतं. शेवटी महूला मावशीकडे 15 अँपियरच्या सॉकेटला गाडी लावली, दोन तासात सहाएक युनिट मिळाले तेव्हा कुठे घरी पोचलो.

नंतर हिशोब केला. माणसं धरून पावणेतीन टनाची गाडी नर्मदेच्या पातळीवरून चारशे मीटर वर आणायला तीन युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे 15 किमी. उतरताना रीजनने, म्हणजे गाडी रोखताना मोटरच बॅटरी भरते त्याने, काही परत मिळतात, सगळे नाही. त्यामुळे खलघाटकडे नुसतं उतरून काढलेली रेंज कधी धरू नका, आणि परतीच्या वाटेसाठी हे तीन युनिट आधीच बाजूला काढून ठेवा.

या रेंजच्या हिशोबात घरच्या मीटरचे युनिट वापरू नका हं, स्क्रीनवरचेच घ्या, चार्जिंगमधे थोडे वाया जातात म्हणून मीटरवर जास्त दिसतात.

शेवटचा आकडा असा काढा. हायवेला 100 टक्के ते झिरो कोणी चालवत नाही, फास्ट चार्जर 80 च्या पुढे हळू होतो आणि 15 च्या खाली जीव टांगणीला लागतो. म्हणून वाटेतल्या टप्प्याला 80 ते 15 धरा. बॅटरी 100 युनिटची असेल तर हातात आले 65, युनिटला 5 किमीने 325, आणि 110 ने चालवत युनिटला 4 मिळत असतील तर 260. इंदूरहून मुंबईला निघताना सेंधवा, धुळे, नाशिक कुठे थांबायचं ते या आकड्यावरून ठरवा, आणि वाटेतला चार्जर चालू आहे का ते निघायच्या आधी फोन करून विचारा.