रात्रभर जळणारे दिवे आधी पकडा

लाईट वाचवायची म्हटली की आपण बैठकीतल्या झगझगीत दिव्याच्या मागे लागतो. तो जळतो दोन-तीन तास. बिल फुगवणारे दिवे वेगळेच असतात: गुरांच्या कोठ्यातला, अंगणातला आणि झोपायच्या खोलीतला शून्याचा. हे दिवेलागणीला लागतात आणि सकाळी कुणाच्या लक्षात येईल तेव्हा विझतात. म्हणून वॅटच्या आधी तास मोजा.

पायरी १ : यादी करा

कागदावर प्रत्येक दिव्यापुढे वॅट आणि रोजचे तास लिहा. दोन्हींचा गुणाकार करा, ३० ने गुणा, १००० ने भागा. आले महिन्याचे युनिट.

कोठ्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ११ तास जळत असेल, तर महिन्याला जवळपास २० युनिट जातात. तिथे ७ वॅटचा एलईडी लावला तर अडीच युनिटही लागत नाहीत. शून्याचा जुना बल्ब १२ ते १५ वॅट खातो. रोज १० तास धरले तर साडेचार युनिटांपर्यंत. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरतो. उलट धान्याच्या खोलीतला १०० वॅटचा बल्ब रोज दहा मिनिटं लागत असेल, तर महिन्याचं अर्धं युनिट. तो जाईपर्यंत खुशाल राहू द्या.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढच्या प्रत्येक युनिटचा भाव एकदम चढतो. तुमचा वापर १०० च्या आसपास असेल, तर हे वीसेक युनिट महागातले ठरतात.

पायरी २ : मीटरला विचारा

घरातलं सगळं बंद करा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबायला हवा. थांबला नाही तर सेट-टॉप बॉक्स किंवा चार्जर चालू राहिला असेल. तसंही नसेल तर वायरिंगमध्ये गळती असू शकते, वायरमनला बोलवा. आता एकच बल्ब लावून पाच मिनिटं मोजा. किती लुकलुकींचं एक युनिट, ते मीटरवर छापलेलं असतं. तिथे ३२०० असेल, तर ६० वॅटचा बल्ब पाच मिनिटांत १६ वेळा लुकलुकवतो आणि ९ वॅटचा एलईडी दोन-तीनदा. ‘एवढ्याशा बल्बनं काय होते’ म्हणणाऱ्या आजोबांना हे दाखवाच.

पायरी ३ : खोक्यावरचं वाचून घ्या

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. ६० वॅटच्या जुन्या बल्बचा उजेड साधारण ७०० ल्युमेन; ९ वॅटचा चांगला एलईडी त्याहून जास्तच देतो. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) वीजबचतीचे तारे पाहा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतो, म्हणून १०० किंवा १४० पासून ३०० व्होल्टपर्यंत चालणारा घ्या. बाजारातला बिनखोक्याचा स्वस्त बल्ब एका उन्हाळ्यात जातो, कारण एलईडीचा खरा वैरी उष्णता. टिनाखाली, चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात, तो बंद काचेच्या डोममध्ये कोंडू नका.

अंगणात आणि सपरीत (ओसरीत) पिवळसर उजेडाचा लावा. पावसाळ्यात पांढऱ्याशुभ्र दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात.

जुन्या पट्टीतली चोकची ट्यूब ४० वॅटची म्हणतात, पण चोकसकट ५० च्या वर जाते. जुन्या पट्टीत नुसती एलईडी ट्यूब खोचू नका. वायरमनकडून चोक आणि स्टार्टर काढून घ्या, नाहीतर सरळ २० वॅटची अख्खी एलईडी पट्टी बसवा.

पायरी ४ : दिवा खाली आणा

कवेलूच्या (कौलारू) घरात होल्डर आढ्याला, पोरगं अभ्यासाला खाली चटईवर. मग उजेड पुरत नाही म्हणून मोठा बल्ब येतो. अंतर निम्मं झालं की वहीवरचा उजेड चौपट होतो. १२ फुटांवरचा बल्ब चांगल्या वायरीनं ६ फुटांवर आणा, वर साधी टोपी लावा. ५ वॅटमध्ये अभ्यास होतो. चुलीच्या खोलीत बल्बवर काजळी चढते. तो बंद करून, गार झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा. भिंतींना चुना मारला तर आणखी फरक पडतो.

दिवसाही लाईट लावावी लागत असेल, तर छपरात एक-दोन काचेची कवेलू बसवा किंवा टिनात फायबरची पट्टी टाका. शक्यतो उत्तरेच्या उताराला, नाहीतर उजेडासोबत ऊनही घरात येतं.

पायरी ५ : बटणाची जागा बदला

कोठ्यातल्या दिव्याचं बटण घरात घ्या. गाय व्यायला आली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी रात्रभर उजेडाची गरज नसते. हालचालीवर लागणारा सेन्सर तिथे बसवू नका. बैलानं मान हलवली तरी दिवा लागतो. अंगणात मात्र अंधारावर लागणारा आणि उजाडताच विझणारा सेन्सर कामाचा आहे.

काढलेले सीएफएल आणि ट्यूब पोरांच्या हाती देऊ नका, त्यात पारा असतो. फुटलीच तर दारं-खिडक्या उघडा, थोड्या वेळानं तुकडे जाड पुठ्ठ्यानं गोळा करून बंद डब्यात भरा.

फरक पाहायला मेचं बिल मार्चशी ताडू नका, कूलर सगळा हिशेब बुडवतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढा.