एलईडी हेडलाइट लुकलुकतात? आधी जुना हॅलोजन परत लावून बघा

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. एलईडी बसवल्यावर दिवा लुकलुकतो, एकच बाजू पेटते किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते, अशी गाडी आली की मी आधी जुने हॅलोजन मागून घेतो. डिकोडर, रिले वगैरे जोडसामान विकत घेण्याआधी तुम्हीही हेच करा. बल्बच्या काचेला मात्र बोट लावू नका.

हॅलोजनही मंद पेटला, तर दोष एलईडीचा नाही. बहुतेक वेळा अर्थिंग, म्हणजे दिव्याच्या निगेटिव्ह वायरीची गाडीच्या बॉडीशी जोडणी, खराब असतं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, हॅलोजन पेटलेला असू द्या. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि लाल पिन कपलरच्या (बल्बला वायरी जोडणाऱ्या प्लास्टिक सॉकेटच्या) मागच्या बाजूने अर्थच्या वायरीपर्यंत घाला. ०.१ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक. ०.३ किंवा त्याहून जास्त दिसला, तर ती वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे जा. बोल्ट काढलात की रिंगखाली रंग किंवा तांबूस गंज दिसेल. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा मोजा. ही तपासणी हॅलोजनवरच करायची, कारण तो ४-५ अँपिअर ओढतो. एलईडी त्याच्या निम्म्याच्या आसपास ओढतो, त्यामुळे कच्चं अर्थिंग मीटरवर नीट उघडं पडत नाही. कपलरचं प्लास्टिक पिवळं पडून वितळलं असेल, तर तो सरळ बदला.

हॅलोजन झकास पेटतो आणि एलईडी अजिबात पेटत नाही, अशा वेळी दोन पिनांच्या बल्बचा कपलर उलटा करून लावा. हॅलोजनला प्लस-मायनसचं देणंघेणं नसतं, एलईडीला असतं. तीन पिनांच्या एच-४ला (हाय आणि लो बीम एकाच बल्बात असतात तो) असं उलटवता येत नाही. काही गाड्यांत त्याची सामाईक वायर प्लसची असते, तिथे पोलॅरिटी बदलणारा अडॅप्टर लागतो. एकाच बाजूला त्रास असेल, तर डावा-उजवा बल्ब अदलाबदल करा. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब, जागेवरच राहिला तर वायरिंग.

सगळं ठीक असूनही लुकलुक थांबत नाही, असं नव्या गाड्यांत होतं. तिथला कॉम्प्युटर बल्बला सलग वीज न देता भराभर चालू-बंद करत देतो. हॅलोजनची तार तापलेली राहते, म्हणून ते डोळ्याला दिसत नाही. एलईडी मात्र क्षणात विझतो. शिवाय करंट कमी दिसला की कॉम्प्युटर बल्ब गेला असं समजतो. इथे खरोखर कॅन-बस डिकोडर लागतो, म्हणजे वीज सलग करून देणारी आणि कॉम्प्युटरला जुनाच बल्ब आहे असं भासवणारी डबी. काहीजण जादा करंट ओढण्यासाठी ६ ओहमचा लोड रेझिस्टर लावतात. तो १३.५ व्होल्टला सुमारे ३० वॉट उष्णता टाकतो, त्यामुळे प्लास्टिकला किंवा वायरींना चिकटवू नका, उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा. मला विचाराल तर डिकोडरच बरा.

जुन्या दुचाकीत एलईडी इंजिनच्या वेगाबरोबर थरथरत असेल, तर हेडलाइटला एसी करंट मिळतोय का ते मोजा. मिळत असेल तर डीसीत रूपांतर केल्याशिवाय इलाज नाही. रेडिओत खरखर फक्त दिवे लावल्यावर येत असेल, तर ती एलईडीच्या ड्रायव्हरची, म्हणजे त्याला करंट पुरवणाऱ्या सर्किटची. ड्रायव्हरजवळ वायरीवर फेराइटचा (खरखर अडवणारा) क्लिप लावून बघा.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज कधीही घालू नका. एलईडी कमी करंट घेतो, म्हणजे जुन्याच फ्यूजवर तो आरामात चालायला हवा. फ्यूज उडतोय याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बमागचं रबरी झाकण काढून बघा, बसवताना वायर पत्र्यात चेपलेली किंवा सोललेली सापडेल. ती दुरुस्त करून स्लीव्ह चढवा, मगच नवा फ्यूज टाका.