अकरावीतच गावचा सातबारा काढा: मुंबईतून कृषी पदवीला जाणाऱ्यांसाठी

भांडुपच्या आमच्या चाळीत निम्मी घरं लांजा-राजापूरची. गावाला जमीन सगळ्यांचीच आहे. कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं की मात्र आजोबांचं नाव सांगतात, आणि ते जाऊन वीस-वीस वर्षं झालेली असतात. बी.एस्सी. कृषीच्या प्रवेशाच्या वेळी मला याच गोष्टीने अडवलं. त्यातून सावरायला मला बराच काळ लागला, म्हणून आधी तेच सांगते.

प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतो, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात शेतजमीन असलेल्या कुटुंबातल्या मुलांना अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो. मी ज्या क्लासला जात होते तिथे प्रवेशाचं बघणाऱ्या सरांनी छातीठोक सांगितलं होतं, "सातबारा काय, नेटवरून पंधरा रुपयांत निघतो. यादी लागली की बघू." सातबारा खरंच पंधरा रुपयांत निघाला. त्यावर बाबांचं नावच नव्हतं.

बाबा रात्रीच्या गाडीने गावी गेले. तलाठी भाऊसाहेब माणूस चांगला होता, पण म्हणाला, ज्यांचं नाव उताऱ्यावर नाही त्यांना जमीनधारक असल्याचा दाखला मी कसा देऊ? आधी वारस नोंद करा. कागद तपासणीला चार दिवस उरले होते.

वारस नोंद कशी होते ते नीट समजून घ्या, कारण हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मृत खातेदाराच्या सगळ्या वारसांची नावं देऊन अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, आधार. तलाठी वारसांची चौकशी करून फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, घालतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पंधरा दिवसांच्या आत काही होत नाही. आमचं सुरळीत नव्हतं. आजोबा मुंबईत वारले, त्यामुळे दाखला महापालिकेचा. त्यावर नाव 'बाबाजी', सातबाऱ्यावर 'बाबू'. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यात महिना गेला. शिवाय आत्यांची नावं घालायची म्हटल्यावर काका बिथरले. त्यांना वाटलं, आम्ही वाटणी मागतोय.

म्हणून घरात हे आधीच समजावून सांगा: वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नावं चढतात, जमीन सामायिकच राहते. कुणाचा हिस्सा जात नाही, कुणाला हक्कसोड करावा लागत नाही. घाईत कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली तर आत्यांनी ती करू नये, हेही मी ठासून सांगेन. मुलीच्या प्रवेशासाठी आत्याचा हक्क सोडायला लावणं मला तेव्हाही मान्य नव्हतं.

माझा अधिभार गेला. दापोली थोडक्यात हुकली आणि घाटावरच्या एका खासगी महाविद्यालयात नंबर लागला. त्या रात्री मी खूप रडले. नंतर कळलं की आभाळ काही कोसळलं नव्हतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांपैकी एकाशी महाविद्यालय संलग्न असेल तर अभ्यासक्रम तोच आणि पदवीही त्याच विद्यापीठाची असते. आणि ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही अशी मुलंही दर वर्षी सीईटीच्या जोरावर आत येतात. जमीन नाही म्हणून अर्जच भरायचा नाही, हे तर अजिबात करू नका.

आणखी एक वाट मला कुणी सांगितली नव्हती. कृषी विद्यापीठांतल्या काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद देशपातळीवर भरते. आता त्यासाठी सीयूईटी द्यावी लागते. इथे सातबाऱ्याचा प्रश्नच येत नाही. पण अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो आणि गुण आल्यावर परिषदेच्या समुपदेशनासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. नुसती परीक्षा देऊन घरी बसलेली दोन मुलं मी पाहिली आहेत.

विषय निवडताना एवढंच बघा: कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.ला गणित हवं, मत्स्यशास्त्राला जीवशास्त्र. पशुवैद्यकीयला जायचं असेल तर रस्ता 'नीट' या प्रवेशपरीक्षेचा आहे, आणि परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या दाराशी आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था बघून बरीच मुलं बारावीनंतर तिथे चौकशीला जातात. तिथलं शिक्षण पदव्युत्तर आहे, आधी पदवी घेऊन या.

एजंटांबद्दल माझं मत कडक आहे. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. फोनवरच्या व्हिडिओंमधले मार्गदर्शकही मला पटत नाहीत. नियम दर वर्षी बदलतात आणि त्यांचे व्हिडिओ तसेच राहतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. दाखल्याचा नमुना त्यात असतो, तो छापून गावी न्या. विचारायचंच असेल तर गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्या सीनियरला विचारा. त्याच्या फाइलमध्ये काय होतं आणि काय परत आलं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आत गेल्यावर मुंबईचं मूल पहिली दोन सत्रं बुजतं. बरोबरच्या मुलांना पानावरचा करपा लांबून ओळखू येतो आणि आपण भात आणि नाचणीच्या रोपात गोंधळतो. मातीचा नमुना घ्यायला शेतात नागमोडी फिरायचं, व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायचं. हे मी तिसऱ्या प्रयत्नात शिकले. कीटकशास्त्राचा संग्रह मी सुटीत आरेत फिरून पूर्ण केला आणि तोच विषय माझा झाला. सातव्या सत्रात ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. ते सत्र उरकून टाकू नका. शेतकऱ्याशी बोलायला मी तिथेच शिकले.

नोकरीचं म्हणाल, तर नुसत्या पदवीवर लगेच मोठा पगार मिळेल असं धरून चालू नका. पहिली दोन वर्षं ओढाताणीची असतात. पण वाटा बऱ्याच आहेत. एमपीएससीची कृषी सेवा, बँकांमधलं कृषी अधिकाऱ्याचं पद, नाबार्ड, बियाणं आणि खतांच्या कंपन्या, पुढे शिकून संशोधन. स्वतःचं काही करायचं तर 2002 पासून कृषी चिकित्सालय योजना आहे, त्यात प्रशिक्षण मिळतं आणि कर्जावर अनुदानही. मी वाशीला निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये आहे. 2007 मध्ये अमेरिकेचा बाजार आपल्या आंब्याला उघडला तो विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. फळमाशी आणि कोयीतला भुंगा तिकडे पोचू नये म्हणून फळाला किमान 400 ग्रे मात्रा द्यावी लागते. मुलाखतीत मला भुंग्याचं जीवनचक्र विचारलं, आणि ते मला येत होतं. एप्रिल-मे महिन्यांत मी रात्री दोनला घरी येते. तरीही हे काम मला मनापासून आवडतं.

आमची वारस नोंद शेवटी झाली. काका स्वतः सहीला आले. बाबांचं, काकांचं आणि दोन्ही आत्यांची नावं आता उताऱ्यावर आहेत. धाकटा भाऊ यंदा अकरावीत आहे. गणपतीत गावी गेलो की फेरफाराची प्रत, नवा सातबारा, खात्याचा आठ-अ उतारा आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स त्याच्या नावाच्या फाइलमध्ये लावायच्या आहेत.