पिकअपचा ब्रेक कमी लागतोय? ऑइल घालण्याआधी या चुका टाळा

"ब्रेक कमी लागायलाय ओ, जरा ऑइल घाला." कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजच्या दारात पिकअप थांबली की बऱ्याचदा चालकाच्या तोंडून हेच येतं. मिस्त्री घाईत असला की तोही बाटली उघडतो, टाकी भरतो, दोन-चारदा पॅडल मारून बघतो आणि गाडी मार्केट यार्डाकडं गूळ भरायला जाते. दुखणं मात्र गाडीबरोबरच जातं.

कमी लागतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी विचारायला पाहिजे. पॅडल खोल जातं? कडक होतं? दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकतं? की गाडी एका अंगाला ओढते? प्रत्येकाचं कारण वेगळ्या जागी असतं. ते न बघता पार्ट बदलत सुटलं की पैसे जातात आणि ब्रेकही येत नाही. बोलेरो पिकअप, दोस्त, योद्धा अशा गाड्यांना पुढं डिस्क, मागं ड्रम आणि पॅडलच्या पुढं पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर असतो. खालचं सगळं त्याच रचनेला धरून आहे.

पातळी उतरली की वरून ऑइल घालणं

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. टाकीतली पातळी उतरते ती दोनच कारणांनी. पॅड झिजले की ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढं येतो आणि त्याच्या मागं तेवढं ऑइल जाऊन बसतं. ही उतरण महिनोन्‌महिने चालते. अशा वेळी वरपर्यंत भरून ठेवलं, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागं ढकलल्यावर ऑइल टाकीतून उतू जातं आणि खालचा रंग सोलून काढतं.

आठवड्याभरात पातळी बोटभर खाली आली तर मात्र कुठंतरी गळतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूनं बॅटरी मारून बघा. होज पाइपचे जोड बघा. पायातलं मॅट उचलून पॅडलच्या दांडीवर बोट फिरवा. बाहेर कुठंच ओल सापडली नाही तर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो जरा पुढं ओढून बघा, कारण त्याचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात साठतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

मागचं चाक आतून ओलं दिसलं तर लगेच ड्रममधले शू ढकलणारा व्हील सिलिंडर मागवू नका. आधी वास घ्या. मागच्या एक्सलच्या हाऊसिंगमधलं गिअर ऑइल दाट आणि उग्र, गंधकासारख्या घाण वासाचं असतं, तर ब्रेक ऑइल पातळ. पहिलं असेल तर एक्सलचं ऑइल सील गेलंय, आणि सिलिंडर बदलून काहीही होणार नाही. दोन्हीपैकी कुठलंही ऑइल शूवरच्या लायनरला लागलं की तो लायनर गेला. तो पेट्रोलनं धुऊन, काडी लावून, पॉलिश पेपर मारून परत बसवायची पद्धत अजून आहे. आत मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा पृष्ठभागावर येतं. तेव्हा लायनर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

ऑइल कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. हाताशी आहे म्हणून इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल घातलं तर आतले रबर फुगतात. मग मास्टरपासून होजपर्यंत सगळंच बदलावं लागतं.

ऑइलच्या वयाकडं तर कुणाचंच लक्ष नसतं. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आता गगनबावड्यावरून भरली गाडी करूळ घाटात उतरतेय, पाय सतत ब्रेकवर आहे, कॅलिपर तापलंय. ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पॅडल जमिनीला टेकतं, कारण वाफ दाबली जाते. खाली वैभववाडीला गॅरेजमध्ये दाखवेपर्यंत सगळं थंड होऊन पॅडल जागेवर आलेलं असतं आणि मिस्त्री म्हणतो, "गाडीत काय नाही, दादा." असं एकदा जरी झालं असेल तर ऑइल पूर्ण बदला. नाहीतरी दोन वर्षांनी बदलायचंच असतं. महिनोन्‌महिने फडताळात उघडी पडलेली अर्धी बाटली त्यासाठी वापरू नका.

पॅडलचं न ऐकता पार्ट बदलणं

पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येतं, असं असेल तर बहुधा मागच्या शूमध्ये आणि ड्रममध्ये फट वाढलीय. अशा गाडीच्या ब्रेक पाइपमधली हवा कितीही वेळा काढली तरी फरक पडत नाही. इथं आणखी एक चूक होते. शू अॅडजस्ट न करता हँडब्रेकची केबल ताणली जाते. हँडब्रेक छान लागतो, गिऱ्हाईक खूश. पण ताणलेल्या केबलमुळं शू मूळ जागेवर परत बसत नाहीत आणि आतला ऑटो अॅडजस्टर काम करणं सोडतो. आधी केबल सैल, मग शूचं अॅडजस्टमेंट, आणि शेवटी केबल.

पॅडल मऊ, लुसलुशीत लागत असेल तर हवा. दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल आणि बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे आतले सील.

कडक पॅडल हे निराळंच प्रकरण आहे. पायात जोर लावावा लागतो आणि गाडी थांबत नाही. इथं लोक पॅड बदलतात, वर "कंपनीचे पॅड चांगले नव्हते" म्हणतात. बूस्टरची परीक्षा दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे उरलेला व्हॅक्यूम संपेल. आता पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. ढिम्म राहिलं तर होज, वन-वे व्हॉल्व्ह, व्हॅक्यूम पंप आणि शेवटी बूस्टर या क्रमानं बघा. स्वस्त ते आधी, महाग ते नंतर. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपवर हा पंप अल्टरनेटरच्या मागं बसवलेला असतो. त्यामुळं बॅटरीचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी पॅडल कडक झालं, तर बॉनेट उघडून आधी बेल्ट बघा.

पाटा वाढवायचा आणि व्हॉल्व्ह विसरायचा

पिकअपची ही चूक सगळ्यात कमी बोलली जाते आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडते. अनेक पिकअपना मागच्या हाऊसिंगपासून चॅसीपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जाते आणि ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी रिकामी असताना मागचा भाग हलका असतो, तिथं जादा ब्रेक लागला तर चाकं घसरतील, म्हणून हा व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो.

आता मालक जादा माल भरता यावा म्हणून कमानीला, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला, एक-दोन पाटे वाढवतो. गाडी भरली तरी पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मागचा ब्रेक अर्धपोटी, सगळा भार पुढच्या पॅडवर. पॅड लवकर संपतात, डिस्क तापून निळसर होते, आणि दोष मात्र पॅडला लागतो. यावर काही ठिकाणी "उपाय" म्हणून ती दांडी तारेनं वर बांधून टाकतात. मग भरल्या गाडीला ब्रेक झकास लागतो, पण पावसात रिकामी परतताना मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरतं. पाटे बदलले असतील तर व्हॉल्व्ह कंपनीच्या मापानं परत सेट करून घ्या. दांडी गंजून अडकलीय का, हेही तेव्हाच बघा.

ओढतं तिकडंच चाक खोलणं

ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडं ओढते म्हणून उजवं चाक खोललं जातं. बऱ्याचदा उजवं चाक आपलं काम चोख करत असतं आणि डावं काहीच करत नसतं. थोडी गाडी फिरवून आणून दोन्ही पुढच्या चाकांच्या जवळ हात धरा, डिस्कला लावू नका. थंड आहे ते आळशी. ब्रेक न मारताही ओढत असेल, तर मात्र जास्त तापलेलं चाक चिकटलेलं आहे.

चिकटलेलं चाक जॅकवर उचला आणि कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता. नाही झालं तर पिस्टन किंवा पिना गंजल्यात. दाब अडकला असेल तर पुन्हा ब्रेक मारून चाक चिकटवा आणि या वेळी मास्टरजवळचा पाइपचा नट सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरकडं, न सुटलं तर होज आतून फुगून बंद झालाय. बाहेरून तो होज अगदी नवा दिसू शकतो.

गॅरेजमधल्या बारीक चुका

लेथवर ड्रम टर्निंग करून आणणं उद्यमनगरात चहा येईपर्यंत उरकणारं काम आहे, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त केलं जातं. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचं आणि डिस्कवर कमीत कमी जाडीचं माप कोरलेलं असतं. त्यापलीकडं गेलं की भंगार. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर ब्लीडर खाली येतो आणि हवा कधीच निघत नाही. तो नेहमी वरच्या अंगाला पाहिजे. ड्रम एका वेळी एकाच बाजूचा उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. आतली भुकटी कॉम्प्रेसरनं उडवू नका, ती फुफ्फुसात जाते.

हवा काढताना बहुधा मास्टरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात होते. काही गाड्यांत त्या लोड व्हॉल्व्हलाही ब्लीडर असतो, तो राहून जातो. जुन्या मास्टरवर पॅडल जमिनीपर्यंत मारू नका. रोज जिथं सील पोचत नाही, तिथं सिलिंडरला गंज असतो. सील त्यावर घासलं की फाटतं आणि बरा असलेला मास्टर जातो. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

घाटात आणि पुरात

आंबा घाट असो की फोंडा, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणं बंद करा. इंजिन बंद करून उतरणारेही आहेत. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पॅडल कडक. ज्या गिअरमध्ये तोच घाट चढला असता त्यात उतरा. पाय सतत ठेवण्यापेक्षा दाबून वेग कमी करा आणि सोडा. जळका वास आला तर बाजूला घेऊन थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड (ओतीव लोखंड) तडकतं. हँडब्रेकऐवजी गिअर टाकून चाकाला दगड लावा, आणि निघताना तो दगड रस्त्यातून काढा. हे शेवटचं कुणीच करत नाही!

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कित्येक गाड्या नुसत्या धुऊन रस्त्यावर आल्या. पाणी हबच्या वर गेलं असेल तर ड्रम उघडून गाळ काढावाच लागतो, हाऊसिंगचं ऑइल पांढरट झालंय का बघावं लागतं आणि टाकी बुडाली असेल तर ब्रेक ऑइलही बदलावं लागतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं निघाली की नदीकाठची गाडी हलवलेली बरी.

काम झाल्यावर चावी देण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबा, कारण पॅड बदलल्यावर पहिला दाब रिकामा जातो आणि गॅरेजच्या दारातच पुढची गाडी ठोकली जाते. मग मोकळ्या जागेत अगदी सावकाश, नंतर ताशी ३०-४० वर ब्रेक मारून बघा. नवे पॅड-लायनर बसेपर्यंत निदान दोनशे किलोमीटर गाडी हलकी चालवा. त्याच संध्याकाळी भरून आंबा घाटात घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी बघा, चारही चाकांखाली वाकून बघा आणि व्हील नट पुन्हा एकदा आवळा.