जुन्या गाडीसाठी थंड हवेचा इनटेक घरच्या घरी कसा तयार करावा

इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दर कार्यचक्राला जवळपास ठरलेल्या आकारमानाची हवा ओढतो, पण तेवढ्या हवेत प्राणवायू किती असेल हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे २५ अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा ६० अंशांची हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे ढोबळमानाने दर तीन अंशांमागे एक टक्का घट होते. शक्ती मात्र तितक्याच प्रमाणात घटत नाही. पेट्रोल इंजिनाची शक्ती मोजताना तापमानासाठी जी दुरुस्ती धरली जाते ती साधारणपणे वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून घनतेतील १० टक्के फरकाचा शक्तीवरचा परिणाम निम्म्याच्या आसपासच राहतो. याशिवाय गरम हवेमुळे इंजिन नॉक करण्याची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठकठक होण्याची, शक्यता वाढते, आणि नॉक सेन्सर असलेल्या गाडीत संगणक इग्निशनचे टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे पिकअप आणखी मंदावतो. थंड हवेच्या इनटेकचा, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा पुरवणाऱ्या नळी-फिल्टरच्या रचनेचा, खरा लाभ एवढाच आहे आणि तो मिळवण्यासारखा आहे, मात्र तो मिळतो हवेच्या तापमानातून, फिल्टरच्या आकारातून नव्हे. मूळ एअर बॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून टाकून इंजिनाच्या शेजारी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला तर आवाज दमदार होतो, परंतु तो फिल्टर रेडिएटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या तापलेल्या नळ्यांवरून) आलेली गरम हवा ओढत असतो. अशी गाडी मूळ रचनेपेक्षा कमी शक्ती देते, हे पुष्कळ मालकांच्या लक्षात येत नाही.

म्हणून काहीही कापण्यापूर्वी आपली गाडी सध्या हवा कुठून घेते ते शोधावे. बऱ्याच गाड्यांमध्ये एअर बॉक्सचे तोंड मुळातच हेडलाइटच्या मागे, मडगार्डच्या पोकळीत किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीपुढे उघडते. अशा गाडीत नवे काही करण्यापेक्षा तुटलेली नळी, हरवलेला जोड आणि बॉक्सच्या झाकणाचे कडक पडलेले रबर बदलल्याने अधिक फायदा होतो. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) जुन्या गाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे. त्यांच्या एअर क्लीनरच्या सोंडेत, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडनळीत, बहुधा एक झडप असते, जी थंड इंजिनाला एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीची ऊबदार हवा देते आणि इंजिन तापल्यावर बाहेरच्या हवेचा मार्ग उघडते. ही झडप व्हॅक्यूमच्या पडद्यावर किंवा मेणाच्या थर्मोस्टॅटवर चालते, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने ती गरम हवेच्या बाजूला अडकून बसलेली आढळू शकते. ती दुरुस्त केल्यावर पुष्कळदा नव्या इनटेकची गरजच उरत नाही. ही झडप कायमची काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण पेट्रोलच्या बाष्पीभवनाने कार्ब्युरेटरचे तापमान बरेच खाली येते आणि हवा दमट असेल तर बाहेर १० अंश तापमान असतानाही आत बर्फ साचू शकतो.

यानंतर मोजमाप करावे. लांब वायरचा साधा डिजिटल तापमापक घेऊन त्याचे टोक सध्याच्या सोंडेच्या तोंडाशी बांधावे, वायर हलत्या भागांपासून आणि एक्झॉस्टपासून दूर ठेवून गाडीत आणावी, आणि गाडी उभी असताना, हळू चालताना व मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना येणारी तापमाने शेजारी बसलेल्या व्यक्तीकडून लिहून घ्यावीत. बाहेरच्या हवेपेक्षा धावत्या गाडीत पाचच अंशांचा फरक दिसत असेल तर हे काम हाती घेण्यात अर्थ नाही. वीस-तीस अंशांचा फरक असेल तर नक्कीच आहे. हे आकडे पुढेही लागणार आहेत, तेव्हा तो कागद जपून ठेवावा.

आता इंजिनाचा प्रकार. कार्ब्युरेटरच्या गाडीत मूळ एअर क्लीनरचे भांडे तसेच ठेवून फक्त त्याच्या सोंडेपर्यंत थंड हवेची नळी आणणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, कारण अनेक कार्ब्युरेटरांच्या फ्लोट चेंबरचा (पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याचा) श्वासमार्ग त्या भांड्याच्या आतच उघडतो आणि भांडे बदलल्यास मिश्रणाचे प्रमाण हलू शकते. इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतील) दाब मोजणारा सेन्सर असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलपूर्वीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेपूर्वीच्या) नळीची रचना बरीच मोकळेपणाने बदलता येते. फक्त हवेच्या तापमानाचा सेन्सर नव्या नळीत नीट बसवावा. ज्या गाडीत हवेचे वस्तुमान मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे, तिथे मात्र विशेष दक्षता हवी. हा सेन्सर प्रवाहाचा एक लहानसा भागच मोजतो आणि संगणक नळीचा मूळ व्यास गृहीत धरून एकूण हवा ठरवतो. सेन्सरच्या जागी ६० मिलिमीटरऐवजी ७० मिलिमीटरची नळी घातली तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते, सेन्सरच्या मोजणाऱ्या तारेवरून जाणारी हवा मंदावते आणि संगणकाला प्रत्यक्षापेक्षा पाव हिश्शाहून अधिक कमी हवा दिसते. परिणामी पेट्रोल कमी सुटते, मिश्रण लीन होते आणि पिस्टनवर नको तितकी उष्णता येते. म्हणून सेन्सरचे मूळ घर तसेच वापरावे, त्यावरील बाणाची दिशा पाळावी, आणि त्याच्या आधी व नंतर शक्य तितका सरळ नळीचा तुकडा ठेवावा; नळीच्या वळणाला लागूनच सेन्सर बसवला तर त्याची नोंद अस्थिर होते.

नळी जितकी रुंद तितकी शक्ती जास्त, ही समजूत थोड्याशा गणिताने दूर होते. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा घेते, त्यामुळे १,३०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर, भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास, मिनिटाला सुमारे ३,३०० लिटर, म्हणजे सेकंदाला ५५ लिटर हवा ओढते. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत या हवेचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, ६० मिलिमीटरच्या नळीत साडेएकोणीस मीटर आणि ७६ मिलिमीटरच्या नळीत जेमतेम १२ मीटर होतो. ६० मिलिमीटरची नळी अशा इंजिनाला पुरेशी आहे. त्याहून मोठी नळी जागा अडवते, बॉनेटखालची अधिक उष्णता आत घेते आणि फारसे काही देत नाही. सर्वसाधारण नियम म्हणून थ्रॉटल बॉडीच्या तोंडाएवढा किंवा त्याहून किंचित मोठा व्यास निवडावा. पुढच्या जाळीतून वाऱ्याच्या जोराने हवा आत ढकलली जाईल, ही आशाही अशीच तपासून पाहावी: ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो, आणि वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत तो अर्धा टक्काही नाही. जाळीमागची जागा चांगली आहे ती तिथली हवा थंड असते म्हणून.

हवेचे तोंड कुठे ठेवायचे, हा या संपूर्ण कामातील सर्वांत गंभीर निर्णय आहे. बंपरच्या खाली, रस्त्याच्या जवळ हवा थंड असते, पण तिथे पाणीही पोहोचते. साचलेल्या पाण्यातून जाताना फिल्टर बुडाला तर इंजिन पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे झालेले इंजिन बहुधा पूर्ण खोलावेच लागते. तेव्हा हवेचे तोंड मूळ तोंडाच्या उंचीपेक्षा खाली कधीही नेऊ नये. हेडलाइटच्या मागची किंवा मडगार्डच्या वरच्या पोकळीतील जागा निवडावी, आणि चाकाच्या बाजूचे प्लास्टिकचे अस्तर जागेवर व शाबूत आहे याची खात्री करावी, कारण ते नसेल तर चाकाने उडवलेला चिखल थेट फिल्टरवर येतो.

नळीसाठी वळणाच्या जागी व्यास न दबलेला ॲल्युमिनियमचा पाइप उत्तम. घरबांधणीतील पीव्हीसी पाइप हाताशी असतो, परंतु पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि इंजिनाजवळ ते तापमान दूर नसते. वापरायचाच असेल तर फक्त एअर बॉक्सच्या अलीकडच्या थंड भागात वापरावा. घड्यांची लवचिक नळीही तिथेच ठीक. फिल्टर ते थ्रॉटल या टप्प्यात ती वापरू नये, कारण तिच्या घड्या प्रवाह अडवतात आणि पातळ नळी ओढीने आत चेपते. जोडांसाठी सिलिकॉनचे किंवा जाड रबराचे होज आणि स्क्रूच्या पट्टी-क्लिपा घ्याव्यात. याखेरीज एक ते दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, कडेला लावायचे रबर, काही रबरी ग्रोमेट (छिद्रात बसणाऱ्या रबरी कड्या) आणि योग्य तोंडाचा फिल्टर एवढे साहित्य पुरते. फिल्टर तेल लावलेल्या सुती जाळीचा असेल तर धुतल्यानंतर तेल अगदी बेताने लावावे, कारण जास्तीचे तेल मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसून त्याची नोंद बिघडवते. रोजच्या वापरासाठी चांगला कागदी फिल्टर मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो बारीक धूळ चांगली अडवतो आणि देखभाल कमी मागतो.

प्रत्यक्ष काम थंड इंजिनावर, बॅटरीची ऋण तार काढून सुरू करावे. काढलेल्या प्रत्येक होजवर चिकटपट्टी लावून खूण करावी आणि थ्रॉटलचे उघडे तोंड लगेच स्वच्छ कापडाने बंद करावे. नळीचा मार्ग आधी पुठ्ठ्याने किंवा जाड तारेने आखून घ्यावा, बॉनेट सावकाश टेकवून वर किती जागा उरते ते पाहावे, आणि मगच पाइप कापावा. सेन्सरसाठी किंवा ब्रीदरच्या (इंजिनाच्या तळातील वाफा परत आत घेणाऱ्या) नळीसाठी छिद्रे पाडायची असतील तर ती पाइप गाडीबाहेर असतानाच पाडावीत. कापलेल्या कडा आतून-बाहेरून कानशीने घासून पाइप साबणाच्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि उजेडासमोर धरून आतून पाहावा. या बाबतीत कितीही काळजी घेतली तरी ती जास्त होणार नाही: फिल्टरच्या पुढे राहिलेला धातूचा प्रत्येक कण सरळ सिलिंडरमध्ये जातो, आणि टर्बो असलेल्या गाडीत त्याआधी कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळतो. होज घट्ट धरून राहावा म्हणून पाइपच्या टोकाशी हलकी उठावदार कड काढून घेता आली तर उत्तम.

इंजिन आपल्या रबरी माउंटांवर सतत हलत असते आणि गाडीचा सांगाडा स्थिर असतो. म्हणून पाइपचे एक टोक इंजिनाला व दुसरे बॉडीला जोडताना मध्ये किमान एक लवचिक होज हवा, आणि पाइपचा आधारही रबरी ग्रोमेटमधून घ्यावा. अन्यथा काही महिन्यांत जोड सुटतो किंवा आधाराची पट्टी तुटते.

मूळ एअर बॉक्स ठेवत नसाल तर फिल्टरभोवती पत्र्याची पेटी करावी. तिच्या तीन बाजू इंजिनाकडची उष्णता अडवतील, चौथी बाजू मडगार्ड किंवा हेडलाइटमागच्या थंड जागेकडे उघडी राहील, आणि वरची कड रबर लावून बंद बॉनेटच्या आतील बाजूला टेकेल, अशी तिची घडण असावी. तळाला पाणी निघून जाण्यासाठी आठ-दहा मिलिमीटरचे छिद्र ठेवावे. या पेटीच्या रबरात फटी राहिल्या तर बाकीच्या सगळ्या श्रमांचा उपयोग निम्मा होतो, त्यामुळे इथे घाई करू नये.

क्रँककेसचा ब्रीदर होज पुष्कळदा विसरला जातो किंवा त्याच्या टोकाला छोटा फिल्टर लावून तो मोकळा सोडला जातो. तसे करू नये. तो मूळ रचनेप्रमाणे फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान, व मास एअर फ्लो सेन्सर असेल तर त्या सेन्सरच्या पुढे इंजिनाच्या बाजूला जोडावा. आयडलिंगच्या (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाच्या) हवेची नळी असल्यास तिलाही हाच नियम लागू होतो. सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली की इंजिन आयडलला थरथरते.

सगळे बसल्यावर बॅटरी जोडून गाडी सुरू करावी. गळती तपासण्यासाठी इंजिन आयडलला असताना फिल्टर काढून नळीचे तोंड सपाट फळीने पूर्ण झाकावे, हाताने नव्हे. इंजिन लगेच गुदमरून बंद पडले तर जोड घट्ट आहेत. चालूच राहिले तर कुठून तरी न गाळलेली हवा आत येत आहे आणि ती जागा सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची पद्धत धोक्याची आहे. त्यानंतर तापमापक नव्या तोंडाशी बांधून पूर्वीच्याच रस्त्यावर, तशाच हवामानात पुन्हा नोंदी घ्याव्यात आणि जुन्या कागदाशी ताडून पाहाव्यात. उभ्या गाडीतील आकडा थोडा चढलेलाच दिसेल. धावत्या गाडीत मात्र तो बाहेरच्या तापमानाच्या जवळ आला पाहिजे. आला नाही तर पेटीच्या फटी आणि नळीचा मार्ग पुन्हा तपासावा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत थंड, घन हवेमुळे मिश्रण थोडे लीन होऊ शकते. काही दिवस चालवल्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहावेत: इन्सुलेटर फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक आकार मोठा करण्याचा विचार जाणकाराकडून करून घ्यावा. इनटेकमधील बदलांना वाहनाच्या नियमांत मुभा आहे की नाही, हे आपल्या ठिकाणी आधीच विचारून घ्यावे आणि मूळ सुटे भाग फेकू नयेत. पहिल्या आठवड्यात होज गरम-थंड होऊन बसतात व क्लिपा सैल पडतात, तेव्हा त्या एकदा थंड इंजिनावर पुन्हा आवळाव्यात. नंतर दर सर्व्हिसला क्लिपा, पेटीचे रबर आणि तळाचे छिद्र पाहावे, आणि फिल्टरच्या पलीकडे पाइपच्या आत बोट फिरवून धूळ लागते का तेही तपासावे.