शंख-शिंपल्यांची नक्षी घालवू नका : या चुका टाळा

दिवाळीच्या सुटीत बडोद्याची माणसं द्वारका-ओख्याला जाऊन येतात आणि पिशवीभर शंख-शिंपले मला दाखवायला आणतात. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट ॲसिड. मागच्या वर्षी शेजारचा अकरावीतला मुलगा एक शिंपला घेऊन आला. “काकू, बघा, कसा चकाचक झालाय!” संडास धुवायच्या ॲसिडमध्ये फक्त अर्धा मिनिट बुडवला होता म्हणे. त्या जातीच्या शिंपल्याच्या कंगोऱ्यांवर मोहरीएवढे दाणे असतात, बोट फिरवलं की खवणीसारखे लागतात. त्याच्या शिंपल्यावरून माझं बोट सरळ घसरलं. कडेला चार-पाच दाणे उरले होते, बाकी बोटाला खडूसारखी भुकटी. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिडमध्ये बुडबुडे येतात तेव्हा शिंपलाच विरघळत असतो. आणि आधी जातात ते उंचवटे, म्हणजे नक्षीच. व्हिनेगर हळू चालतं, पण करतं तेच. मी विचारलं, जोडीची दुसरी शिंप कुठाय? “तीही बुडवली.”

मी साध्या पाण्यात चार दिवस ठेवते, रोज पाणी बदलते, मग जुना टूथब्रश आणि खाचांसाठी बांबूची काडी. चार दिवस थांबवत नसेल त्याने शिंपले किनाऱ्यावरच राहू द्यावेत.

दुसरी चूक ब्लीचची. काही शिंपल्यांवर तपकिरी, मखमली, कधी केसाळ साल असते. लोक तिला मळ समजतात. ती त्या जिवानेच बनवलेली असते, तिला पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात. मळ ब्रशने निघतो, ही साल चिकटून राहते. ब्लीचने गेली की गेलीच. एक तरी नमुना सालीसकट ठेवा. ॲसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन निघतो.

कवडीला वार्निश नको. जिवंतपणी आतल्या जिवाचं मऊ आवरण तिच्या पाठीवर चढलेलं असतं, तुकतुकी त्यानेच येते.

प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक वर्ष, हेही खरं नाही. वाढ खुंटली की रेघ उमटते, मग कारण काहीही असो. वाढीच्या रेघा कमी-जास्त अंतराने येतात, नक्षीचे कंगोरे बहुधा नेमाने. एखाद्या वाकड्या रेघेपाशी नक्षी अचानक सरकलेली दिसली तर तिथे कधीतरी कडा फुटली होती, कदाचित खेकड्याने फोडली असेल, आणि जिवाने ती सांधली. हे बघायला टॉर्च बाजूने धरा. समोरून धरलात तर सगळं सपाट दिसतं.

लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याचे खोके टाळा. त्यातून आम्लाची वाफ सुटते, आणि दमट हवेत शंखावर पांढरी भुकटी धरते. 1899 मध्ये बाइन या ब्रिटिश शंख-अभ्यासकांनी याला जिवाणूंचा रोग मानलं होतं. हा खरा रोग नाही, तरी नाव अजून ‘बाइनचा रोग’ असंच आहे. मी स्टीलचं कपाट वापरते.

जिवंत शंख उचलू नका. कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कातून तर काहीच आणू नका.

प्रत्येक नमुन्यासोबत किनारा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पेन्सिलने. पेनाची शाई पावसाळ्यात पसरते.